पेट-सीटी: एकसमान फॅन्टमवर एसयूव्ही १.०० ऐवजी ०.९१, रोजची क्यूसी मात्र पास

हॉटलॅब_कोपरा

आमच्या पेट-सीटीची दर तिमाहीची एसयूव्ही (टोचलेला डोस आणि वजन यांच्या मानाने एखाद्या जागी किती औषध जमलं त्याचा आकडा) तपासणी. २० सेंमी व्यासाचा पोकळ सिलिंडर फॅन्टम (रुग्णाऐवजी स्कॅन करायचं भांडं), आतलं पाणी ९,३०० मिली. एफ-१८ एफडीजी (पेटसाठी टोचायची किरणोत्सारी साखर) ६०.० मेगाबेकरेल, मोजणीची वेळ १०:००. स्कॅन १०:४५ ला, दोन बेड (टेबलाच्या दोन जागा), प्रत्येकी १० मिनिटं. रुग्णाचं वजन म्हणून ९.३ किलो भरलं, म्हणजे एसयूव्ही सरळ १.०० यायला हवी. १५ सेंमीचा गोल आरओआय (मोजायचा भाग), दोन्ही टोकांचे काप सोडून सरासरी ०.९१. मशीन ४.४२ किलोबेकरेल प्रति मिली दाखवतंय, हिशोबाने ४.८६ हवेत.

जर्मेनियम-६८ फॅन्टमवरची रोजची क्यूसी (गुणवत्ता तपासणी) हिरवी आहे. डोस कॅलिब्रेटरवर (टोचण्याआधी डोस मोजायचं यंत्र) सीझियम-१३७ अपेक्षेच्या एका टक्क्यात. कापागणिक फरक नाही, कडेला काळं-पांढरं नाही, सगळीकडे सारखंच ९ टक्के कमी. घोडं कुठे पेंड खातंय?

तिरपा_फॅन्टम

०.९१ म्हणजे १० टक्क्यांच्या आत की. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये हे पास धरतात. रिपोर्टवर सही करा आणि पुढच्या तिमाहीला बघा.

अर्धायु

तिरपा राव, १० टक्के ही सहनशीलता विखुरलेल्या चुकांसाठी असते. इथे सगळे काप एकाच बाजूला, एकाच मापाने सरकलेत. याला कारण असतंच, आणि ते सापडतं.

हॉटलॅब, आधी गणिताचे दोन तुकडे करा. एसयूव्ही म्हणजे मशीनने मोजलेली घनता भागिले (टोचलेला डोस भागिले वजन). वरचा आकडा स्कॅनरचा, खालचा तुमच्या हॉट लॅबचा (डोस तयार करून मोजायची खोली). रोजची क्यूसी फक्त वरच्याला हात लावते, तोही अर्धवट. जर्मेनियमचा फॅन्टम सीलबंद असतो, तो डोस कॅलिब्रेटरमध्ये कधी जातच नाही. त्यामुळे क्यूसी हिरवी असून एसयूव्ही चुकीची, यात विरोधाभास काही नाही. दोन यंत्रांचा एकमेकांशी मेळ लावणं हेच क्रॉस-कॅलिब्रेशन, आणि ते तुम्ही आज केलेल्या पाण्याच्या फॅन्टमनेच होतं.

खालच्या आकड्यासाठी चार गोष्टी सांगा:
– सिरिंज रिकामी केल्यावर परत मोजली का?
– डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ आणि पेटच्या कन्सोलचं घड्याळ यांत फरक किती?
– ९,३०० मिली हे कंपनीच्या पत्रकातून घेतलं की वजन करून?
– डोस सिरिंजमध्ये मोजला की व्हायलमध्ये, आणि किती मिली होता?

मोलीगाय

घड्याळाचं आधी बघा. एफ-१८ चा अर्धायुकाल १०९.७७ मिनिटं, म्हणजे दर मिनिटाला ०.६ टक्के. पाच मिनिटांचा फरक ३ टक्के खातो, दहाचा ६. डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ पुढे असेल तर एसयूव्ही कमी येते: तुम्ही खऱ्या १० ला मोजलेलं १०:०५ म्हणून लिहिता, मशीनला वाटतं पाच मिनिटं कमी झाली, म्हणून ते जास्त डोस शिल्लक धरतं आणि भागाकार लहान येतो. मागे असेल तर उलटं. पेटचा कन्सोल, डोस कॅलिब्रेटर, भिंतीवरचं घड्याळ आणि टेक्निशियनचा मोबाइल अशी चार घड्याळं असतात. सोमवारी सकाळी एकाकडे बघून बाकी तीन लावायची. कन्सोल नेटवर्कवरून वेळ घेतो, डोस कॅलिब्रेटर घेत नाही, तो महिन्याभरात हमखास सरकतो.

हॉटलॅब_कोपरा

घड्याळ: डोस कॅलिब्रेटर जेमतेम काही सेकंद पुढे. सोडून देण्यासारखं.
आकारमान: फॅन्टम रिकामा आणि भरलेला, दोन्ही वजनं करून. वजाबाकी ९.३० किलो.
डोस: ३ मिली, ५ मिलीच्या सिरिंजमध्ये, सुईऐवजी टोपी लावून.
रिकामी सिरिंज: मोजली. १०:०५ ला १.२ मेगाबेकरेल. पण ती मशीनमध्ये भरली नाही, वहीत आहे.

अर्धायु

वहीतली वजाबाकी मशीनला कशी कळणार? चला, पहिला तुकडा इथेच मिळाला. १०:०५ चे १.२ मागे १० वाजेपर्यंत नेले तर १.२४ होतात. ६०.० उणे १.२४ = ५८.७६ मेगाबेकरेल. १०:४५ पर्यंत गुणक ०.७५२७, म्हणजे ४४.२ मेगाबेकरेल. भागिले ९,३००, म्हणजे ४.७६ किलोबेकरेल प्रति मिली. तुमचं मशीन ४.४२ दाखवतंय, तेव्हा खरी एसयूव्ही ०.९३. दोन टक्के वसूल. सात अजून बाकी.

पुढच्या वेळी फॅन्टममधलंच पाणी सिरिंजमध्ये ओढून तीनदा धुवा, शिल्लक नगण्य राहते. आणि भरताना ५० मिलीएवढी हवा ठेवा. तो बुडबुडा आत फिरला की पाणी ढवळलं जातं. दहा मिनिटं उलटसुलट करून मगच गळ्यापर्यंत भरा. काठोकाठ भरून हलवलं तर काही हलत नाही, एफडीजी झाकणाखाली ढगासारखं बसून राहतं आणि वरचे काप गरम दिसतात. तुमचे काप सारखे आहेत म्हणजे मिश्रण ठीक झालंय.

तिरपा_फॅन्टम

वजनाचा विषय निघालाच आहे तर: वजन म्हणून पाण्याचं वजन भरायचं, फॅन्टमसकट नाही. ॲक्रिलिकचे दोन-तीन किलो त्यात आले की एसयूव्ही फुगते. हॉटलॅबचं बरोबर आहे, हे पुढे वाचणाऱ्यांसाठी.

बाकीशून्य

सात टक्के डोस कॅलिब्रेटरमध्ये लपू शकतात, सीझियम पास असूनही. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल ३० वर्षं, वर्षाला सव्वादोन टक्के उतरतो, म्हणून स्थिरतेसाठी तो उत्तम. पण तो सांगतो ते एवढंच: कालचं यंत्र आज तसंच आहे. एफ-१८ च्या बटणामागचा गुणक बरोबर आहे की नाही, हे सीझियम सांगत नाही. सीझियम ६६२ केईव्हीचा फोटॉन देतो, एफ-१८ ५११ चे दोन. चेंबरचा प्रतिसाद ऊर्जेगणिक बदलतो, म्हणून प्रत्येक समस्थानिकाला वेगळा गुणक.

करायचं असं. सीझियमचा स्रोत त्याच्या स्वतःच्या बटणावर वाचा, मग तोच न हलवता एफ-१८, टेक्नेशियम, आयोडीन-१३१ अशा रोजच्या सगळ्या बटणांवर वाचा आणि आकडे लिहून ठेवा. ते आकडे ‘चुकीचे’ असणारच, पण त्यांचं सीझियमशी गुणोत्तर कायम राहिलं पाहिजे. एखाद्याच बटणाचं गुणोत्तर बदललं तर कोणीतरी तो गुणक बदललाय. सगळीच एका दिशेने सरकली तर चेंबर किंवा इलेक्ट्रोमीटर. आणि वाचण्याआधी रिकाम्या चेंबरची पार्श्वभूमी बघा, डिपर (सिरिंज आत सोडायचा दांडा) आणि आतली प्लास्टिकची नळी काढून परत बघा. डिपरच्या तळाला एफडीजीचा थेंब सुकलेला असतो आणि सगळे त्याला ‘बॅकग्राउंड’ म्हणून वजा करत बसतात.

घडीव_शिसं

बाकीशून्यशी सहमत. एफ-१८ चं बटण तपासायला जर्मेनियम-६८ ची सीलबंद नकली सिरिंज मिळते. पण ती एफ-१८ च्या बटणावर टाकून आलेला आकडा सरळ खरा मानू नका. जर्मेनियमपासून होणाऱ्या गॅलियम-६८ चे पॉझिट्रॉन जास्त जोरकस असतात, कमाल १.९ एमईव्ही, एफ-१८ चे ०.६३. शिवाय पॉझिट्रॉन देण्याचं प्रमाण ८९ टक्के विरुद्ध ९७. चेंबरच्या भिंतीत पोचणारं ब्रेम्सस्ट्रालुंग (पॉझिट्रॉन मंदावताना निघणारे क्ष-किरण) वेगळं. म्हणून त्या सिरिंजच्या प्रमाणपत्रावर ‘एफ-१८ समतुल्य’ असा वेगळा आकडा दिलेला असतो, तुलना त्याच्याशी करायची. आणि त्या आकड्याची साखळी एखाद्या राष्ट्रीय मानकापर्यंत पोचते का तेही वाचायचं. आपल्याकडे किरणोत्सारितेच्या मापनाचं राष्ट्रीय मानक ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात सांभाळलं जातं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

हॉटलॅब_कोपरा

बटणांची गुणोत्तरं स्वीकृती चाचणीच्या वहीशी ताडली. एफ-१८ चं अर्ध्या टक्क्यात जुळतंय. नकली सिरिंज आमच्याकडे आहे, समतुल्य आकड्यापेक्षा १.३ टक्के जास्त वाचते. म्हणजे आड ठीक आहे. घोडं स्कॅनरच्या बाजूला.

कोलिमेटर

मधेच घुसतो, विषय जवळचाच आहे. गॅमा कॅमेऱ्यासाठी नवी कोबाल्ट-५७ शीट (कॅमेरा सगळीकडे सारखं मोजतो का ते बघायचा सपाट स्रोत) आली, १५ मिलीक्युरी. जुन्या शीटवर समग्र असमानता ३.१ टक्के होती, नवीवर ५.४. कॅमेरा बिघडला की शीट?

मोलीगाय

बहुधा शीट, आणि ती बिघडलेली नाही, फक्त ताजी आहे. ताज्या कोबाल्ट-५७ मध्ये कोबाल्ट-५६ आणि ५८ ची भेसळ असते. ५८ चा ८११ केईव्ही, ५६ चा ८४७ आणि १२३८. हे फोटॉन कमी ऊर्जेच्या कोलिमेटरच्या (कॅमेऱ्यासमोरची शिशाची जाळी) पातळ शिशातून सहज पार जातात, विखुरले जाऊन कोबाल्ट-५७ साठी लावलेल्या १२२ केईव्हीच्या खिडकीत मोजले जातात आणि मध्यभाग उजळवतात. दोघांचेही अर्धायुकाल ७० ते ७७ दिवसांचे, कोबाल्ट-५७ चा २७२. म्हणून सहा महिन्यांत ही भेसळ मूळ समस्थानिकाच्या मानाने आजच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर येते. तोवर शीट कोलिमेटरला चिकटवू नका, दहा-पंधरा सेंमी वर धरा. आणि काहीही झालं तरी त्या शीटवर नवा दुरुस्ती नकाशा बनवू नका. तो शीटचा दोष कॅमेऱ्याच्या माथी कायमचा लिहील.

खात्री करायची तर कोलिमेटर काढून टेक्नेशियमच्या बिंदू स्रोताने मूळ असमानता बघा. अर्धा मिलीक्युरी पुरे, डिटेक्टरच्या रुंदीच्या पाचपट अंतर, वेग सेकंदाला २० हजार मोजण्यांच्या आसपास. तिथे ३ टक्के आले तर कॅमेरा निर्दोष. शिखर टेक्नेशियमच्या १४० वर आणायला विसरू नका. खिडकी १२२ वरच राहिली तर फोटोमल्टिप्लायर नळ्यांचे गोळे गोळे दिसतील आणि उगाच सर्व्हिसला फोन जाईल.

मोजण्या किती, हेही पाहा. रोजच्याला ५० लाख चालतात, चार मिनिटांत होतं. पण ५३ बाय ४० सेंमीच्या डिटेक्टरवर ६.४ मिमीचे सुमारे ५,१०० चौकोन बसतात, आणि प्रत्येकात १ टक्का नेमकेपणा हवा तर १० हजार मोजण्या. म्हणजे पाच कोटींच्या वर, पाऊण तास. ५० लाखांवर दिसलेली ५.४ मध्ये निम्मी तर नुसती संख्याशास्त्राची सळसळ असू शकते.

कोलिमेटर

शीट १५ सेंमी उचलून, सहा कोटी मोजण्यांवर: ३.३. धन्यवाद, मी निघालो.

अर्धायु

परत मूळ मुद्द्याकडे. हॉटलॅब, तुमच्या मशीनमध्ये घनतेचा कॅलिब्रेशन फॅक्टर कुठून येतो? काहींत तो पाण्याच्या फॅन्टमवरून तिमाहीला काढतात. काहींत जर्मेनियमच्या फॅन्टमवरूनच रोज किंवा सेटअपच्या वेळी ठरतो: फॅन्टममध्ये आज किती घनता असायला हवी, हे मशीन प्रमाणपत्राच्या आकड्यावरून काढतं आणि मोजलेल्या दराने भागतं. तुमचं दुसऱ्या जातीचं असेल तर दोन प्रश्न.

एक, फॅन्टम शेवटचा कधी बदलला?
दोन, त्या फॅक्टरचा आलेख काढून बघा. उतार आहे की पायरी? उतार म्हणजे डिटेक्टर थकतायत किंवा तापमान. पायरी म्हणजे त्या दिवशी कोणीतरी काहीतरी टाइप केलं.

हॉटलॅब_कोपरा

दुसऱ्या जातीचं. फॅन्टम गेल्या तिमाहीनंतर बदलला, म्हणजे नव्या फॅन्टमवर ही पहिलीच एसयूव्ही तपासणी. आलेखात त्याच दिवशी पायरी आहे, फॅक्टर जवळजवळ ७ टक्के खाली. सर्व्हिसवाल्यांनी ‘नवा फॅन्टम, नवी आधाररेषा’ म्हणून रीसेट केलं होतं. त्यानंतर रेघ सरळ.

घडीव_शिसं

फॅन्टम बदलल्याने फॅक्टर बदलायचं काहीच कारण नाही! फॅक्टर हा स्कॅनरचा गुण आहे, फॅन्टमचा नाही. नवा असो जुना असो, घनता बरोबर भरली असेल तर तोच यायला हवा, प्रमाणपत्राच्या अनिश्चिततेपुरता इकडेतिकडे. आधाररेषा रीसेट केली म्हणजे धोक्याची घंटा वाजली आणि घंटाच काढून ठेवली.

प्रमाणपत्र काढा. मशीनमध्ये भरलेले तीन आकडे त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडा: क्रियाशीलता (मिलीक्युरी की मेगाबेकरेल), आकारमान, संदर्भ तारीख.

हॉटलॅब_कोपरा

क्रियाशीलता बरोबर, आकारमान बरोबर. तारीख प्रमाणपत्रावर ०७/०६, मशीनमध्ये ७ जून. जुळतंय.

अर्धायु

प्रमाणपत्र कुठलं?

हॉटलॅब_कोपरा

अमेरिकेचं.

बाकीशून्य

त्याच कागदावर गळती चाचणीची तारीख असेल. ती वाचा.

हॉटलॅब_कोपरा

०७/१४.

अरे देवा. चौदावा महिना नसतो. म्हणजे ०७/०६ हे ६ जुलै.

अर्धायु

सापडला चोर. ७ जून ते ६ जुलै २९ दिवस. जर्मेनियम-६८ चा अर्धायुकाल २७०.९५ दिवस, म्हणून ०.५ चा (२९ ÷ २७०.९५) इतका घात घ्या: ०.९२८५. मशीनला वाटतंय फॅन्टम २९ दिवस जास्त जुना आहे, म्हणून ते आजची घनता ७.२ टक्के कमी धरतं, फॅक्टर तेवढाच खाली येतो आणि प्रत्येक चित्र तेवढंच फिकं. आता सिरिंजची शिल्लक जोडा: ०.९२८५ × ०.९७९३ = ०.९०९. तुमचे ०.९१.

रोजची क्यूसी हे कधीच पकडणार नव्हती. चुकीच्या तारखेवरूनही ऱ्हासाचा वेग तोच राहतो, त्यामुळे अपेक्षित आणि मोजलेलं रोज एकत्रच उतरतं. रेघ सरळ, दिवा हिरवा.

तिरपा_फॅन्टम

१० टक्क्यांत बसतंय म्हणून सही करा म्हणालो होतो, मागे घेतो. पण मधल्या काळातल्या रुग्णांचं काय?

बाकीशून्य

घाबरण्याआधी वर्गवारी करा. लिम्फोमाचं डोव्हिल मोजमाप गाठीची तुलना त्याच स्कॅनमधल्या यकृताशी आणि मेडियास्टिनमशी (छातीचा मधला भाग) करतं. दोन्हीकडे तोच गुणक, तो भागाकारात उडून जातो. ते रिपोर्ट बिनधास्त. बाधित होतात ते आधीच्या स्कॅनशी किंवा दुसऱ्या सेंटरच्या स्कॅनशी आकड्यांची थेट तुलना केलेले. पर्सिस्टमध्ये (उपचाराला गाठीचा प्रतिसाद पेटवर मोजायचे निकष) ३० टक्के घट म्हणजे प्रतिसाद. २५ टक्क्यांची खरी घट ७ टक्के फिकं मशीन ३० दाखवू शकतं. पायरीच्या दोन्ही बाजूंना स्कॅन असलेले रुग्ण शोधा, पायरीनंतरच्या एसयूव्हीला १.०७७ ने गुणा. चित्रं परत बनवायची गरज नाही, गुणक सगळीकडे एकच आहे. सिरिंजच्या शिल्लकेचा इथे संबंध नाही, रुग्णांच्या नोंदीत ती वजा होत असेल तर. होते ना?

हॉटलॅब_कोपरा

रुग्णांची होते. फॉर्ममध्ये वेगळा रकाना आहे. फॅन्टमच्या नोंदीतच राहिली. वरच्या ०.९३ चा अर्थ आत्ता लागला.

तारीख दुरुस्त केली, सेटअप परत चालवला, फॅक्टर जुन्या रेघेवर आला. संध्याकाळी पाण्याचा फॅन्टम परत, या वेळी शिल्लक भरून: ०.९९. विभागप्रमुख आणि आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) दोघांना लेखी कळवलंय, यादी काढणं चालू आहे.

घडीव_शिसं

छान. फॅन्टम बदलायच्या दिवशी जुना परत पाठवायच्या आधी दोन्ही पाठोपाठ स्कॅन करत जा. दोघांच्या मोजलेल्या दरांचं गुणोत्तर हे प्रमाणपत्रांवरून काढलेल्या घनतांच्या गुणोत्तराशी जुळायला हवं. यात स्कॅनरचा फॅक्टर येतच नाही, त्यामुळे तारीख, एकक, आकारमान यांतली कुठलीही चूक अर्ध्या तासात उघडी पडते. दोन्ही फॅन्टम एकाच आधारावर, एकाच उंचीवर ठेवा. एक टेबलावर आणि एक ब्रॅकेटवर असं केलंत तर टेबलाचं शोषण मधे येईल.

मोलीगाय

आणि महिना अक्षरात लिहून फॅन्टमच्या पेटीवर चिकटवा. ‘६ जुलै, दुपारी १२’. सर्व्हिसवाल्याने तेच वाचून टाइप करायचं, प्रमाणपत्र वाचायचंच नाही.

हॉटलॅब_कोपरा

जुना फॅन्टम अजून इथेच आहे. ५५.५ मेगाबेकरेलचा होता, ५६० दिवस झाले. दोन्ही स्कॅन करून बघायला चालेल का इतका उतरलेला?

अर्धायु

१३.२ मेगाबेकरेल उरलेत. चालेल, पण चौपट वेळ द्या. एवढ्या कमी दरावर एलएसओ स्फटिकातल्या ल्युटेशियम-१७६ ची स्वतःची पार्श्वभूमीही जाणवायला लागते, म्हणून रँडम (योगायोगाने जुळलेल्या मोजण्या) वजा केलेला दरच वापरा. कच्ची बेरीज नको.

घडीव_शिसं

स्कॅन झाला की त्याच्या शिशाच्या पेटीत परत, पेटी स्रोतांच्या खोलीत कुलपात. परत पाठवायच्या आधी पुसणी चाचणी: ओल्या कापसाने जोड आणि कडा पुसून वेल काउंटरमध्ये मोजा, ०.२ किलोबेकरेलच्या खाली हवं. पुरवठादाराकडे परत पाठवायची परवानगी ई-लोरावरून (अणुऊर्जा नियामक मंडळाची ऑनलाइन प्रणाली) आरएसओच्या लॉगिनने मागायची, आणि पाठवल्यावर यादीतून तो स्रोत काढून पोचपावती जोडायची. नव्याची संदर्भ तारीख तिथेही चुकीची भरली असेल, ती पण बघून घ्या.

हॉटलॅब_कोपरा

बघितली. तिथेही ७ जून.